दोन हजार ल्युमेन आणि एक फडकं

चिरंजीव : हा हँडलवर. हा हेल्मेटवर. हा लाल, सीटखाली मागे. आणि हा जादाचा, पाठीवरच्या बॅगेत.

आई : सायकल आहे का गणपतीची मिरवणूक?

चिरंजीव : आई, नाइट राइड आहे. रात्री माउंटन बाइक घेऊन मातीच्या वाटेवर जायचं तर उजेड नको? पुढचा दोन हजार ल्युमेनचा आहे, माहितीये?

आई : हवाच उजेड. आणि फडकं?

चिरंजीव : कसलं फडकं?

आई : जुन्या बनियनचं. चेन पुसायचं.

चिरंजीव : ते नंतर बघू. आज पहिलीच नाइट राइड आहे. खडकवासल्याच्या पुढे, पानशेत रोडवरून आत एक वाट जाते. सहा जण आहोत.

आई : पुढे एकाच्या जागी दोन दिवे का लावलेस ते तरी सांग. ऑफर होती?

चिरंजीव : हसू नकोस, त्यात शास्त्र आहे. हँडलचा दिवा खालून तिरपा पडतो. त्यामुळे दगडामागे सावली पडते आणि खड्डा किती खोल आहे ते कळतं. हेल्मेटचा डोळ्याच्या जवळून पडतो, त्यात सावलीच दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. पण वळणावर हँडल अजून सरळ असतं आणि आपण बघत असतो वळणाच्या पलीकडे. तिथे हेल्मेटचाच कामाला येतो. म्हणून दोन्ही लागतात. फक्त धुकं असलं की हेल्मेटचा बंद करायचा, नाहीतर समोर पांढरी भिंत उभी राहते.

आई : हे पटलं. अभ्यास चांगला केलायस. मग या दोन दिव्यांत मिळून तुला ही चेन एकदाही दिसली नाही?

चिरंजीव : काय झालंय चेनला? (मान वळवून आईकडे बघतो. हेल्मेटचा दिवा चालूच आहे.)

आई : आई गं! विझव तो! मला ठार आंधळं करून जाणारेस का?

चिरंजीव : सॉरी, सॉरी. तोही एक नियम आहे. कुणाशी बोलताना मान खाली घालायची.

आई : चला, तुझ्या सासरच्यांना तरी या छंदाचा उपयोग होईल. आता खाली वाक आणि या चेनवर बोट फिरव.

चिरंजीव : काळं येतंय.

आई : ते तेल नाही. तेल होतं तेव्हा त्यावर धूळ बसली, मग आणखी तेल घातलंस, मग आणखी धूळ. ही आता वाळू घोटलेली लेई झाली. पॉलिश पेपरचं काम करतेय ती. तू पेडल मारतोस आणि ही चेन दाते तासतेय.

चिरंजीव : आई, दुकानदार म्हणाला, सहा महिने काही बघायला नको.

आई : तो विकणारा. मी तपासणारी. पिंपरीला तपासणी विभागात आयुष्य काढलंय मी, माझ्या टेबलावरून असा माल पुढे गेला नसता. ती स्टीलची पट्टी आण ड्रॉवरमधली.

चिरंजीव : आता पट्टीचं काय मध्येच!

आई : आण तर. हं. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेव. नव्या चेनमध्ये बरोब्बर बारा इंचांवर पुन्हा एक पिन येते. किती आहे?

चिरंजीव : बारा आणि… बारीकसं पुढे.

आई : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याही निम्मं पुढे गेलं की चेन बदलायची. लोक म्हणतात चेन ताणली गेली. पोलाद कसलं ताणलं जातंय? आतल्या पिना झिजतात, प्रत्येक सांधा केसभर सैल होतो. आणि तसंच चालवत राहिलास की मागची सगळी चक्रं तिच्या मापाने झिजतात. मग नवी चेन घातली तरी ती उड्या मारते. शेकड्यातलं काम हजारात जातं.

चिरंजीव : म्हणजे अजून बदलायची वेळ नाही आली.

आई : फडकं घेतलंस तर येणार नाही इतक्यात.

चिरंजीव : तू फडक्यावरून खाली उतरतच नाहीस! माउंटन बाइकिंग म्हणजे काय आहे तुला कल्पना नाही. हा बंडखोर लोकांचा खेळ आहे. कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत सुरू झाला. 1976 साली फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, जडच्या जड सायकली खाली सोडल्या. गिअर नाही, डिस्क नाही. पेडल उलटं मारलं की मागच्या हबमध्ये लागणारा ब्रेक, बस! उतार इतका की हब तापून आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. रिपॅक नाव त्या शर्यतीचं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, सगळे त्यातले.

आई : ग्रीसचा धूर झाल्यावर काय करायचे?

चिरंजीव : काय करणार? हब उघडायचे, नवं ग्रीस भरायचे.

आई : कधी?

चिरंजीव : दर वेळी. खाली आलं की.

आई : म्हणजे तुझे बंडखोर प्रत्येक उतारानंतर मांडी घालून हब उघडत होते.

चिरंजीव : … हो.

आई : त्यांच्याकडे फडकं असणार.

चिरंजीव : तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू रात्री कधी सायकल चालवली आहेस?

आई : कंपनीची बस चौकात सहाला यायची. जानेवारीत त्या वेळी मिट्ट काळोख असतो. टायरला घासणारा डायनॅमो होता. पेडल मारलं तर दिवा, थांबलं की अंधार. आणि बिनदिव्याचं दिसलं की हवालदार शिट्टी मारायचा.

चिरंजीव : ते वेगळं गं. ही नाइट राइड आहे.

आई : खरंय. तेव्हा त्याला कामाला जाणं म्हणायचे. हवा किती भरलीस?

चिरंजीव : टुमटुमीत. पेट्रोल पंपावरून. साठ.

आई : मातीवर जायचंय ना? दगडादगडावरून चेंडूसारखी उडेल.

चिरंजीव : कमी भरली तर पंक्चर होतं.

आई : फारच कमी भरलीस तर होतं. टायर दबतो, ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून तर मधलं माप काढायचं. ट्यूब आहे, तुझं वजन असं… चांगलं आहे, तर पस्तीसच्या आसपास ठेवून बघ. चाक जमिनीला धरून चालेल. जादा ट्यूब घेतलीस?

चिरंजीव : घेतली. पंपही आहे. मल्टिटूलही आहे.

आई : वा! आणि ट्यूब बदलता येते?

चिरंजीव : व्हिडिओ सेव्ह करून ठेवलाय.

आई : पानशेतच्या वाटेवर रेंज नसते म्हणून सेव्ह केलास हे हुशारीचं. पण बघताना दिवा कोण धरणार? थांब, मी फडकं आणते. तोवर कशाला हात लावू नकोस.

(आई आत जाते. गॅलरीतून फुस्स असा आवाज येतो. मग आणखी एकदा, जास्त वेळ.)

चिरंजीव : झालं! फडकं नको आता. डब्ल्यूडी-40 मारला. चेन, चक्रं, सगळं चकाचक. बघ कशी चमकतेय!

आई : कशावर मारलास?

चिरंजीव : सगळीकडे. ते काय, वंगणच आहे.

आई : निळा-पिवळा डबा ना? ते 1953 साली अमेरिकेत निघालं, धातूवरचं पाणी हटवायला. होतं नव्हतं ते तेल धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. चेन मोकळी होते, आणि तासाभरात पुन्हा कोरडी. धुवायला ठीक आहे, पण त्यानंतर तेल हवंच. प्रत्येक सांध्यावर एक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग बाहेरून कोरडं पुसायचं, कारण तेल आत हवं, बाहेर राहिलं की धूळ धरतं. तेल घालणं निम्मं काम, उरलेलं निम्मं…

चिरंजीव : फडकं. कळलं.

आई : हे काय? हे गोल चमकतंय ते?

चिरंजीव : मागची डिस्क.

आई : तिच्यावर उडवलास?

चिरंजीव : मुद्दाम नाही. तारांमधून पलीकडे गेला असेल थोडा.

आई : चाक फिरव. ब्रेक दाब.

(चाक फिरतं. ब्रेक दाबला जातो. चाक फिरतच राहतं.)

चिरंजीव : थांबलं.

आई : स्वतःच्या मर्जीने थांबलं.

चिरंजीव : सॅनिटायझर! कोरोनाचा अख्खा कॅन पडलाय घरात. त्याने पुसू.

आई : त्यात ग्लिसरीन असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून. तुपाचा हात तेलाने धुतल्यासारखं होईल. साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, आणि त्याने डिस्क साफ होईल फार तर. ब्रेकच्या पॅडनी तेल प्यायलं असेल तर ते पॉलिश पेपरवर घासून बघायचे, नाहीतर नवे घालायचे. आणि नव्या पॅडना आधी वेग घेऊन, दाबून, सोडून, पुन्हा दाबून बसवावं लागतं. आज रात्री होणारं काम नाही हे.

चिरंजीव : मग पुढच्या ब्रेकवर जातो. नाहीतरी थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो.

आई : करतो. उतारावर, सुट्या खडीत, नुसता पुढचा दाबलास की सायकल थांबेल. तू पुढे जाशील.

चिरंजीव : तुला ना, मी जाऊच नये असं वाटतंय. पहिल्यापासून.

आई : जा की. आधी दिवसा जा, त्याच वाटेने. दगड कुठे, ओढा कुठे, कुठल्या वस्तीवरची कुत्री सुटी असतात ते बघून ये. अंधारात वाटेवर रातवा पक्षी बसलेला असतो, डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि चाकाजवळ आल्यावर एकदम उडतो. घोणसही रात्रीचीच फिरते. वाट पाठ असली म्हणजे मग लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं.

चिरंजीव : दिवसा वेळ कुठाय? दहा ते आठ मी लॅपटॉपसमोर असतो. मला रात्रच उरते.

आई : रविवार?

चिरंजीव : रविवारी झोपतो. तेवढाच एक वार आहे. आणि आठवड्यातले हे दोन तास, जिथे मला कुणी काही सांगत नाही. तिथेही तू पट्टी घेऊन उभी!

आई : पट्टी मी तुला लावली नाही, चेनला लावली. तुझी शाळेची सायकल कोण पुसायचं?

चिरंजीव : तू.

आई : बाबांची स्कूटर?

चिरंजीव : बाबा.

आई : आणि तुझी कार?

चिरंजीव : सर्व्हिस सेंटर. मुद्दा काय आहे?

आई : चौतीस वर्षांचा झालास, हाताला काळं लागलं नाही तुझ्या. डोंगरात, रात्री, चेन तुटली तर कुणाला हाक मारणारेस? मला? येईन मी, पट्टी घेऊन.

चिरंजीव : मग शिकवायचं होतंस तेव्हा.

आई : तू क्लासला असायचास.

चिरंजीव : क्लासला कुणी घातलं होतं?

आई : तो विषय वेगळा आहे.

चिरंजीव : अजिबात वेगळा नाही. सायकल उघडून बसलो की तूच म्हणायचीस, आधी गणितं कर, ती मी बघते. छरे सांडले म्हणून ओरडली होतीस.

आई : छरे मोजून ठेवायचे असतात. एक कमी पडला होता.

चिरंजीव : बघ! तुला तोही आठवतोय!

आई : कारण तो मी दोन दिवस शोधत होते. तू विसरून जेवायला बसलास. अजूनही तसाच बसतोस. चार दिवे आठवले तुला, चारी चार्ज केलेस, आणि जिच्या जोरावर सायकल चालते तिच्याकडे बघायला आई!

चिरंजीव : कुणी सांगितलं होतं तुला बघायला? मी बोलावलं होतं?

आई : नाही. आवाज येत होता. पार्किंगपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत.

चिरंजीव : दे ते फडकं.

आई : हे नको, हे भांड्यांचं आहे. ते घे.

चिरंजीव : फडक्यांतही प्रकार?

आई : चेनचं फडकं डिस्कला लागलं तर पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून. हो, प्रकार. (फोन वाजतो.) घे, आले वाटतं तुझे बंडखोर.

चिरंजीव : (फोनवर) हां, बोल. हो, निघतोच… म्हणजे बघतो. नाही रे, दिवे आहेत, फुल चार्ज. ब्रेकचं जरा… तुझे कसे आहेत? काय? कसला आवाज?

आई : स्पीकरवर टाक.

चिरंजीव : आई, प्लीज!

आई : विचार त्याला, लिव्हर दाबला की हँडलला टेकतो का.

चिरंजीव : (फोनवर) टेकतो का रे?… (आईला) पुढचा टेकतो.

आई : आणि तसाच निघालाय?

चिरंजीव : निघालाय. त्याची आई नागपूरला असते.