मॅग्नेटची दाढी

क्रँकशाफ्टच्या टोकाचे आटे सहसा कुणाच्या नजरेला पडू नयेत, अशीच स्कूटरची रचना केलेली असते. आधी बाजूचं पॅनेल, मग पंख्याचं झाकण, मग खुद्द पंखा अंगावर वागवणारा मॅग्नेट, आणि या सगळ्यांच्या मधोमध ते टोक. इतक्या पडद्यांआडची वस्तू माझ्या हाती लागली याचं कारण मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण दिलं: काम अठरा टप्प्यांत वाटून घेतलं तर दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, आणि एकट्या अडाण्याला एकसुद्धा धड जमायची मारामार. श्रमविभागणीचा हा धडा कोल्हापुरातल्या किती पिढ्यांना शिकवला, देव जाणे. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता एकट्याने करून बघू.

स्कूटर चेतक. सासरेबुवांची, पॉइंटवाली, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली. मामा ती माझ्या हवाली करताना म्हणाले होते, "जावईबापू, जन्मात हिला मी स्वतः पाना लावला नाही. जे काय ते मिस्त्रीच करणार." ती हल्ली किकला दाद देईना. पॉइंट बदलायचे, एवढंच काम होतं. पण पॉइंट मॅग्नेटच्या पोटात. मॅग्नेट काढायला पुलर लागतो. माझ्याकडे हातोडी होती.

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगतो, कारण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. क्रँकचं टोक निमुळतं असतं आणि मॅग्नेट त्यावर रुतून बसतो. सगळी पकड त्या उताराची. नट फक्त मॅग्नेटला आत ओढून धरतो. अर्धचंद्राच्या आकाराची एक चिमुकली चावी असते, ती ठिणगी वेळेवर पडावी म्हणून. जोर पेलणं तिचं काम नव्हे. आता पुलर नसलाच आणि ठोकायची खुमखुमी आवरतच नसेल, तर निदान नट टोकाशी सपाट होईल इतका वर ठेवावा, म्हणजे घाव आट्यांवर न पडता नटावर पडतो. मी नट पूर्ण काढला, रॉकेलने स्वच्छ पुसला आणि वाटीत जपून ठेवला. मग ठोकलं.

मॅग्नेट निघाला. मामा आरामखुर्चीतून बघत होते, त्यांनी 'च्' केलं. पॉइंट बदलून मी नट लावायला गेलो, तर तो चढेना. टोकाच्या कडा बाहेर फुलल्या होत्या आणि पहिले दोन-तीन आटे एकमेकांच्या अंगावर लवंडले होते.

"अहो, बोलवा ना मिस्त्रीला," आतून सूचना आली. मी डाय आणायला बाहेर पडलो.

हार्डवेअरवाल्याने विचारलं, "धाचा म्हंता, पण जाड आटं का बारीक?" दहा मिलिमीटरच्या बोल्टलाही जाड आट्यांचं पिच १.५ मिलिमीटर असतं आणि बारीक आट्यांचं १.२५ असू शकतं, हे मला तिथे काउंटरवर कळलं. "मध्यम नाही का?" मी विचारलं. "मध्यम न्हाई. पोह्यागत हाय बघा ह्ये, जाड न्हाईतर पातळ." क्रँक मजबूत असतो या विचाराने मी जाड घेतला. नट खिशात घालून नेला असता तर प्रश्नच उरला नसता, पण नट वाटीत होता.

पाव मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं! पहिल्या फेऱ्याला डाय गोडीत फिरला. दुसऱ्याला कुरकुरला. तिसऱ्याला मी दांड्याला पाइप लावला. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं प्रमाण सुचवण्याआधी ज्याच्या त्याच्या कारखान्यात ज्याचे त्याचे आटे असत. आमच्या व्हरांड्यात त्या दुपारी तोच काळ अवतरला. क्रँकवर आता दोन प्रकारचे आटे होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

मग कानस. तीनधारी कानशीने एकेक दरी उकरताना मला खरोखर समाधी लागली. सीलमध्ये कीस जाऊ नये म्हणून भोवती ग्रीस लावून फडकं गुंडाळलं होतं. इतकी अक्कल शाबूत होती. फक्त मॅग्नेट शेजारीच उताणा ठेवला होता. मॅग्नेटला मॅग्नेट का म्हणतात, याचा मी विचारच केला नव्हता. कानस थांबली तेव्हा त्याला आतून भरघोस करडी दाढी आलेली होती. फडक्याने पुसली की दाढी एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाई. अर्धचंद्री चावीही बेपत्ता होती. ती मोरीत, पायपुसण्याखाली, मामांच्या चपलेत शोधून झाली. शेवटी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा पळवला आणि मॅग्नेटच्या पोटात दाबून दाबून दाढी उतरवली. चावी त्या दाढीत निघाली. त्या रात्री पोळ्या झाल्या नाहीत आणि घरात कुणी कुणाशी बोललंही नाही.

उद्यमनगरात छोट्या टेम्पोतून स्कूटर नेली. मामा सोबत आले, बहुधा साक्षीदार म्हणून. टर्नर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, कोल्हापुरात टर्नर संपलं व्हतं काय?"

मी ॲडम स्मिथचा विषय काढला नाही.

त्याने आधी आट्यांवर पिचगेज लावून बघितलं. मग टोकाची फुललेली कड बारीक कानशीने उतरवली. त्याच पिचचा एक नवा नट घेऊन हेक्सॉने मधोमध कापला. दोन्ही अर्धुकं आतल्या बाजूच्या, जिथे माझा हात पोचला नव्हता अशा धडधाकट आट्यांवर बसवली, ग्रिप प्लायरने आवळली आणि तेल सोडत सोडत बाहेरच्या दिशेने फिरवत आणली. मी जिथे मोडलं होतं तिथून सुरुवात केली होती. हा जिथे शाबूत होतं तिथून निघाला. लवंडलेले आटे एकेक करून उभे राहिले. असं चार-पाचदा केल्यावर वाटीतला माझा नट त्याने दोन बोटांनी शेवटपर्यंत चढवला. "हातानं चढंल तवा खरं. पान्यानं चढवला म्हंजे त्यो नट न्हवं, डायच की."

मला वाटलं, संपलं. त्याने डायल गेज काढलं. टू-स्ट्रोकचा क्रँक एकसंध नसतो. दोन भाग मधल्या पिनेवर दाबून बसवलेले असतात, आणि टोकावर हातोडी बसली की ते तिरके होऊ शकतात. म्हणजे आटे हा किरकोळ मामला, खरी भीती पुढेच होती. तो क्रँक हळूहळू फिरवत होता, मिलिमीटरच्या शतांशांत काटा डुलत होता आणि इंजिन उघडण्याचा खर्च माझ्या डोळ्यांपुढे तरळत होता.

"थोडा डुलतोय. पर चालतंय." मग टॉर्च टोकावर धरून तो म्हणाला, "पर साहेब, घाव दोन हैत. ह्यो चमकतोय, त्यो तुमचा. ह्यो काळा पडलाय बघा, वरनं कानस फिरवलीया. लई जुना हाय."

मी मामांकडे पाहिलं. मामा लेथच्या पट्ट्याकडे एकाग्रतेने बघत होते.

"मामा?"

"पुलर तेव्हा मिळायचे नाहीत," ते म्हणाले, आणि तीन चहा सांगायला स्वतः उठून गेले.