मला सबनेटिंग येतं

मला सबनेटिंग येतं. हे वाक्य मी वैजापुरात इतक्या जणांना ऐकवलंय की आता मी तोंड उघडलं की टपरीवरचा चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पण खरंच येतं. १९२.१६८.१.१३०, स्लॅश २६, असं कुणी मला झोपेतून हलवून विचारलं, तर डोळे न उघडता सांगेन: हा पत्ता १२८ पासून सुरू होणाऱ्या तुकड्यातला, वापरायला मिळणार १२९ ते १९०, आणि १९१ हा ब्रॉडकास्टचा. अडचण एवढीच की झोपेतून हलवून कुणी विचारत नाही. जागेपणीही विचारत नाही.

गाता येणाऱ्याला लग्नात मंगलाष्टकांसाठी बोलावतात. मृदंग वाजवणाऱ्याला सप्ताहात मानानं बसवतात. सबनेटिंग येणाऱ्याला कुठे बसवायचं, याची सोय आपल्या समाजानं केलेली नाही. मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो म्हणून गावात मला 'नेटवाले सर' म्हणतात. हे नाव ऐकून माझी छाती दोन इंच फुगते, आणि पुढचं वाक्य येतं, "सर, ह्या मोबाईलचा आवाज कामून बारीक झालाय?" छाती जागेवर.

येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगणं मला जमत नाही, असं घरचं मत आहे.) इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा, १९८१ साली ठरलेला, अजूनही बहुतेक ठिकाणी चालणारा पत्ता ३२ बिटांचा असतो. प्रत्येक बिट शून्य नाहीतर एक. आपल्याला वाचता यावा म्हणून त्याचे आठ-आठ बिटांचे चार गट पाडतात आणि प्रत्येक गट आपल्या नेहमीच्या आकड्यांत लिहितात. म्हणून कुठलाही गट ० ते २५५ च्या बाहेर जात नाही. पत्त्याचा डावीकडचा भाग नेटवर्कचा, उजवीकडचा त्यातल्या एकेका यंत्राचा. डावं कुठे संपतं आणि उजवं कुठे सुरू होतं, हे सांगतो तो सबनेट मास्क. स्लॅश २४ लिहिलं, की डावीकडून २४ बिटं नेटवर्कची. उरलेल्या आठांत २५६ पत्ते.

इथवर वर्गात सगळे माना डोलावतात. पुढे मी 'आता याचे तुकडे पाडू' म्हणालो की खिडकीबाहेर बघायला लागतात. मग आमच्या तालुक्यात शिकवायचा एकच रस्ता उरतो: वाटणी. २५६ पत्त्यांतला पहिला नेटवर्कच्या स्वतःच्या नावावर जातो आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणजे कसायला २५४. आता चार भावांत वाटा. प्रत्येकाला ६४ येतात, पण प्रत्येकाचे दोन-दोन पुन्हा गेले, हातात ६२. चार बासष्टे २४८. सहा पत्ते बांधात गेले! आणखी पाडत पाडत स्लॅश ३० पर्यंत आलात, तर ६४ तुकडे होतात, प्रत्येकात चार पत्ते, त्यातले कामाचे दोन. निम्मं रान बांधाखाली.

हे एका पोराला खाडकन समजलं. त्याच्या घरी नुकतीच मोजणी झाली होती. "सर, म्हणजे एकत्र राहिलेलंच बरं."

मी म्हटलं, एकत्र राहिलं तर एकानं हाक मारली की बाकीच्या २५३ जणांनी हातातलं काम सोडून ऐकायचं. काहीही असो, कुणासाठीही असो.

पोरानं विचार केला. "मग येगळं निघालेलंच बरं."

सबनेटिंगवर याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. मी सांगतो, ते माझ्या हौसेसाठी.

या विद्येचा मला आयुष्यात एकदा दरबारी उपयोग झाला. एका पतसंस्थेत नवा प्रिंटर छापत नव्हता. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच टेबलावर, एकाच स्विचला जोडलेले, दोघांचे दिवे लुकलुकताहेत, कागद कोरा. कॉम्प्युटरचा पत्ता संपत होता ६० वर, प्रिंटरचा ७० वर, आणि मास्क होता २५५.२५५.२५५.१९२. ज्यांना येतं त्यांना इथेच हसू आलं असेल. त्या मास्कनं ० ते ६३ हा एक तुकडा आणि ६४ ते १२७ हा दुसरा. कॉम्प्युटर प्रत्येक वेळी हिशेब करतो: हा पत्ता आपल्यातला की बाहेरचा? सत्तर बाहेरचा निघाला, की तो चिठ्ठी प्रिंटरकडे न देता गेटवेकडे, म्हणजे बाहेर जायच्या दाराकडे, देतो, आणि तिथे गेटवेच लावलेला नव्हता. हातभर अंतरावरची दोन यंत्रं एकमेकांना परकी! मी दोन्हीकडे मास्क बदलला, चाचणीचा कागद सरसर बाहेर आला, आणि मी खुर्ची ओढून संपूर्ण सिद्धान्त सांगायला बसलो. मॅनेजरसाहेबांनी कागदाकडे पाहिलं. "आलं का? बरं झालं. सरांना चहा सांगा रे." तो चहा मी प्यालो, पण मन लागलं नाही.

आता पिनकोडाकडे वळतो. हा माझ्या व्याख्यानातला असा भाग आहे की तो आला की बायको कुकर लावायला उठते.

पत्त्याचे आकडे डावीकडून वाचत जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर प्रदेश लहान करत न्यायचा, ही युक्ती आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून रुजू आहे, आणि ती बसवली एका मराठी माणसानं: श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी, मूळचे कोकणातल्या वेळणेश्वरचे, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे पंडित. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसरा उपविभागाचा, तिसरा जिथे टपालाची वर्गवारी होते त्या भागाचा, शेवटचे तीन पोस्टाचे. मुंबईत बसलेल्या माणसाला वैजापूर माहीत असायची गरज नाही. त्यानं डावीकडचे आकडे बघायचे आणि पिशवी योग्य दिशेला टाकायची. इंटरनेटवरचे राउटर दिवसरात्र नेमकं हेच करत असतात. अमेरिकेचा झिप कोड १९६३ सालचा, म्हणजे आपल्या आधीचा आहे. ते मी टपरीवर सांगत नाही.

वेलणकर संस्कृतचे पंडित होते, याला मी फार महत्त्व देतो. अनुष्टुभ छंद घ्या. रामरक्षेतले बहुतेक श्लोक याच छंदातले, सगळ्यांच्या कानावरचे. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, एकूण ३२; प्रत्येक अक्षर लघू नाहीतर गुरू. आता आयपी पत्ता घ्या. चार गट, प्रत्येकात आठ बिटं, एकूण ३२. प्रत्येक बिट शून्य नाहीतर एक. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या छंदशास्त्रात लघू-गुरूंचे सगळे प्रकार ओळीनं मांडायची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात. आठ अक्षरांचा प्रस्तार मांडला की २५६ ओळी होतात. दोनशे छप्पन्न! श्लोकात पाचवं अक्षर लघू हवं, सहावं गुरू हवं, असे नियम आहेत आणि त्यामुळे सगळे प्रकार चालत नाहीत, हे एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी मला सुनावलं. मी म्हटलं, इथेही सगळे पत्ते चालत नाहीत. १२७ नं सुरू होणारे १ कोटी ६७ लाख पत्ते यंत्रानं स्वतःशीच बोलण्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. ते उठून गेले. माझा समज आहे की निरुत्तर होऊन.

तेव्हापासून मी पत्ते वृत्तात म्हणतो. १९२ : गा गा ल ल ल ल ल ल. १६८ : गा ल गा ल गा ल ल ल. मास्कची तर खूण यातच सापडते: आधी सगळे गुरू, मग सगळे लघू, मध्ये सरमिसळ नाही. एकदा लघू आला की पुन्हा गुरू येणार नाही. अंघोळ करता करता मी २५५.२५५.२५५.० मोठ्यानं म्हणत होतो. बाहेरून आवाज आला, "अहो, अंगाई कुणाला गाताय?"

असो. वैजापूरचा पिन ४२३७०१. (समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आणि तो आमच्या तालुक्यातून जातो. यात काही अर्थ नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आता शेजार बघा. येवला ४२३४०१, जिल्हा नाशिक. कोपरगाव ४२३६०१, जिल्हा अहिल्यानगर. आणि आमच्याच जिल्ह्यातलं, आम्हाला खेटून असलेलं गंगापूर ४३११०९. टपालाला जिल्ह्याच्या सीमेशी देणंघेणं नाही. कुठली पिशवी कुठे सुटते, एवढ्याशी त्याचं काम. शहाणपणाचीच गोष्ट आहे. पण हे शहाणपण वेबसाइटी बनवणाऱ्यांपर्यंत पोचलेलं नाही. आम्ही फॉर्ममध्ये ४२३७०१ टाकतो, फॉर्म क्षणभर चक्र फिरवतो आणि आपणहून लिहितो: जिल्हा नाशिक. काही फॉर्म तर तो रकाना नंतर बदलूही देत नाहीत.

नाशिकशी भांडण नाही. नांदूर-मधमेश्वरच्या कालव्यानं पाणी तिकडूनच येतं, भांडणार कुठल्या तोंडानं? पण माणसाची काही ओळख असते. आमच्या गावाचं नाव वैजापूर, रेल्वे स्टेशनचं नाव रोटेगाव, गाडीवर एमएच २०, पिन ४२३, आणि २०२३ साली जिल्ह्याचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. एवढ्या उलथापालथीत पिन तेवढा जागचा हलला नाही. इंटरनेटवर याच्या बरोबर उलट असतं. नाव तेच राहतं आणि खालचा पत्ता कुणाला न सांगता बदलतो.

आणि तो पत्ताही आपला नसतो. ३२ बिटांत मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. सुरुवातीला ते सढळ हातानं वाटले. अमेरिकेतल्या एकेका विद्यापीठाला आणि कंपनीला १ कोटी ६७ लाखांचा गठ्ठा. स्टॅनफर्डनं आपला गठ्ठा २००० साली परत केला, तेवढं सौजन्य सगळ्यांना सुचलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. आपण जागे झालो तेव्हा पंगत उठली होती. म्हणून घरोघरी १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते. ते १९९६ सालच्या नियमानं खाजगी वापराला मोकळे सोडलेत, तुमच्याही घरी तेच आणि ब्राझीलमधल्या कुणाच्या घरीही तेच. बाहेर पडताना राउटर त्यावर स्वतःचा पत्ता चिकटवतो. पुढे नेट पुरवणाऱ्या कंपन्यांनाही पत्ते पुरेनात, तेव्हा त्यांनी हाच प्रकार आणखी एकदा वरच्या मजल्यावर केला. आता कित्येक घरं, क्लास आणि दुकानं मिळून बाहेर एकाच आकड्यानं ओळखली जातात.

शिऊरकडची एक मुलगी नोकरीचा फॉर्म भरायला क्लासवर आली होती. शेवटचा दिवस, संध्याकाळ झालेली. बसने आलेली, फोटो आणि सहीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. पान उघडलं आणि इंग्रजीत ओळ आली: तुमच्या पत्त्यावरून फार वेळा प्रयत्न झाले आहेत, नंतर या. तिनं मला विचारलं, "सर, मी तर आत्ताच आले. मी काय केलं?"

इतक्या वर्षांत मला पत्त्याबद्दल कुणीतरी प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्याकडे तयार होतं, लघू-गुरूंसकट. आणि मला ते द्यावंसं वाटलं नाही. गावात त्याच आकड्याआडून कुठे कोण कितीदा बटण दाबत होतं, कुणास ठाऊक, आणि दार हिच्या तोंडावर बंद झालं होतं. नंतर या म्हणे! नंतर शेवटची बसही नव्हती आणि मुदतही नव्हती. मी क्लासचं वायफाय बंद केलं, माझ्या मोबाईलवर दुसऱ्या कंपनीचं सिम होतं त्यावरून नेट दिलं, आणि फॉर्म गेला. त्यातही जिल्हा नाशिकच आला होता. तिनं न बोलता तो खोडून आपला निवडला. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे नेहमीचंच आहे सर. कागदपत्रं तपासताना मग आम्हालाच बाजूला उभं करतात."

यावर उपाय आहे. नवी पद्धत, आयपीव्ही ६, १२८ बिटांची. तिच्यात पत्ते इतके की प्रत्येक फोनला, पंपाच्या स्टार्टरलासुद्धा स्वतःचा पत्ता मिळेल आणि कुणाला कुणाच्या आड लपावं लागणार नाही. भारत यात जगात पुढच्या रांगेत आहे. तुमच्या मोबाईलला बहुधा असा पत्ता मिळालाही असेल, फक्त पलीकडच्या वेबसाइटला तो वाचता यायला हवा. आणि या पद्धतीत साध्या नेटवर्कचा तुकडा सरसकट स्लॅश ६४ चा. मोजायला नको, वाचवायला नको, बांधाचा हिशेब नको. माझी सगळी विद्या अडगळीत. एका लग्नात मी पुण्याच्या आयटीतल्या पुतण्यासमोर स्लॅश २७ चे तुकडे तोंडी पाडून दाखवत होतो, तेव्हा त्यानंही जिलेबी संपवत हेच सांगितलं, "काका, आता हे कुणी हातानं करत नाही." तरीही माझं मत नव्या पद्धतीलाच आहे. त्या मुलीला तिचा स्वतःचा पत्ता मिळत असेल, तर माझी अंगाई मी अंघोळीपुरती ठेवीन.

तोवर फॉर्म बनवणाऱ्यांना एकच विनंती. पिनवरून आमचा जिल्हा ठरवू नका. तो रकाना रिकामा सोडा. वैजापूरच्या माणसाला आपला जिल्हा लिहिता येतो.