अजून थोडं आवळ

मारुती ८०० भारतात १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. यातली दुसरी बातमी आमच्या पार्किंगपर्यंत अजून पोचलेली नाही. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी करून, वर पर्यावरण कर भरून आमची ८०० तिथे ताठ मानेने उभी असते. अलीकडे मात्र तिच्याखाली काळा डाग पडू लागला. सोसायटीत माणसाच्या चारित्र्यावरचा डाग खपतो, फरशीवरचा खपत नाही. चेअरमननी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डागाचा फोटो टाकला. कोणाचंही नाव न घेता, फक्त गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल असा.

डागाचं मूळ सोसायटीच्याच दारात होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या गेटवरचा गतिरोधक म्हणजे कंपाउंडच्या भिंतीतून उरलेल्या सिमेंटचा सदुपयोग. उंचीला तो कुठेच कमी नाही, रुंदी मात्र भिंतीचीच. मागे तीन नातेवाईक बसलेले असताना त्यावरून गेलो आणि चेंबरला खालून लागलं. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं पत्र्याचं भांडं. सगळं ऑइल त्यात साठतं आणि पंप तिथूनच ते वर खेचतो. एका गॅरेजने चेंबर काढला, ठोकला, परत बसवला. डाग सुरू झाला तो त्यानंतर.

तेव्हा ठरवलं, हे काम घरीच करायचं. परदेशी व्हिडिओंमध्ये माणूस घराला लागून असलेल्या गॅरेजचं दार वर सरकवतो, गाणी लावतो आणि एकटाच निवांत काम करतो. पुण्यात घरचं गॅरेज म्हणजे पार्किंगमधल्या दोन खांबांमधली जागा, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या देखत.

गाडी जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, आणि विटांच्या भरवशावर तर मुळीच नाही. वीट सोसते तोवर सोसते, मग न सांगता फुटते.

गाडीखालच्या माणसाशी लोक त्याच्या पायांकडे बघून बोलतात. त्यालाही लोकांचे पायच दिसतात. पहिले आले मॉर्निंग वॉकचे पांढरे बूट, म्हणजे चेअरमन.

"काय, पंक्चर?"

"चेंबर काढतोय."

"मग बॉनेट नाही उघडलंत?"

पाठोपाठ कोल्हापुरी वहाणा आल्या. टेल्कोतून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका.

"अरे, इंजिन जरा गरम करून ऑइल सोडलंस ना?"

"हो काका, कोमट आहे."

तीन लिटरच्या आसपास ऑइल निघतं. धार थांबली की आपल्याला वाटतं, संपलं. पण आत क्रँकला आणि भिंतींना चिकटलेलं ऑइल आपण नेमके खाली झोपायची वाट बघत असतं. ते थेंबाथेंबाने मनगटावर उतरतं, तिथून कोपरावर, तिथून काखेत.

क्लचच्या खालची पत्र्याची प्लेट काढली आणि दहाचा पाना घेऊन बोल्टांकडे वळलो. चेंबरच्या कडेने सगळीकडे आखूड, बारीक बोल्ट असतात. हात लावताच कळलं, आधीच्या कारागिराने जगावरचा सगळा राग इथे काढलाय. एक बोल्ट काही केल्या हलेना.

"उलटा फिरवतोयस," वहाणा म्हणाल्या.

"नाही काका, उलटा मी आहे."

बोल्ट सगळे निघाले तरी चेंबर जागचा हलेना. पॅकिंगच्या जागी अनाबॉन्ड, म्हणजे सांधा बंद करायचा चिकट लेप, श्रीखंडासारखा थापलेला होता. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की पत्र्याची कड वाकते. रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके देत राहिलो, तेव्हा कुठे तो सुटला. आत बघतो तर अनाबॉन्डच्या सुटलेल्या लोळ्या ऑइलच्या गाळणीला चिकटलेल्या. गाळणी बुजली की पंपाला ऑइल मिळत नाही आणि मग बेअरिंग जातात. गळती थांबवायला लावलेला माल इंजिन थांबवायच्या बेतात होता.

चेंबर धुऊन पुसून घरी नेला. त्याची कड सरळ आहे का, ते पाहायला सपाट जागा हवी.

"अगं, पाच मिनिटं ओटा हवाय."

"ते ओट्यावर? फरशीवर ठेव की."

"फरशीवर ठेवला तर चेंबर वाकडा की बिल्डर वाकडा, ते कळत नाही."

हा मुद्दा तिला पटला. तीन वर्तमानपत्रं अंथरून, पोळ्यांच्या आत उचलायच्या अटीवर ग्रॅनाइटचा ओटा मिळाला. चेंबर पालथा ठेवला आणि चोर सापडला. प्रत्येक बोल्टाच्या भोकापाशी पत्रा ओढला जाऊन फुगला होता आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहत होती. बोल्ट जितका आवळावा, तितकी फट मोठी. खाली लाकडी ठोकळा धरून फुगवटे हातोडीने बसवले.

परत बसवताना अनाबॉन्डची एकच बारीक रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. बोल्ट आधी सगळे हाताने लावायचे, मग मधून कडेला, आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. इतक्या बारीक बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरे; म्हणजे दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. चाकाच्या नटाला याच्या कित्येक पट लागतो आणि बघणाऱ्यांच्या डोक्यात चाकाचाच नट असतो.

"अजून थोडं आवळ," बूट म्हणाले. "आवळा साहेब, गळंल नाहीतर," वॉचमनच्या स्लिपर म्हणाल्या. आपल्याकडे सगळ्यावर हाच उपाय. नळ गळतो, आवळ. पोरगं ऐकत नाही, लगाम आवळ. खर्च वाढला, मूठ आवळ. फक्त वहाणा म्हणाल्या, "पुरे. पाना ठेव खाली." टेल्कोतली नोकरी अशी कामी आली.

अनाबॉन्ड पुरता वाळेपर्यंत नवं ऑइल भरलं नाही. जळक्या ऑइलला मात्र लगेच गिऱ्हाइकं आली. एकाला वाळवीसाठी हवं, दुसऱ्याला गेटच्या बिजागऱ्यांना. कायद्याने तो घातक कचरा आहे. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. कॅनमध्ये भरून, अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे पोचतं करणाऱ्या गॅरेजला द्यावं.

तुमच्यावर ही वेळ आली तर घोड्या चांगल्या घ्या आणि पाना टोकाला नाही, मध्यावर धरा. सैल राहिलेला चेंबर पान्याच्या पाव फेऱ्यात सुधारतो. जास्त आवळलेल्याला ओटा लागतो, आणि तो मिळेलच असं नाही.