एकशे सत्तेचाळीस म्हणजे पु. ल.

ओळखीच्या एका वाचनालयात परवा डोकावलो. ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर नवाकोरा संगणक आणि शेजारी दोनशे पानी वही. नवं पुस्तक चढवायचं तर लेखक निवडावा लागतो. यादी उघडली की दिसतं : ऑथर ऑब्जेक्ट (१४५), ऑथर ऑब्जेक्ट (१४६), ऑथर ऑब्जेक्ट (१४७). कोण कुठला, ते वहीत. "एकशे सत्तेचाळीस म्हणजे पु. ल.," बाई वहीकडे न बघताच म्हणाल्या. "होते हो सवय."

रजिस्टर बंद व्हावं म्हणून संगणक आणला. आता संगणकासाठी रजिस्टर!

पाहताक्षणी ओळखलं, हा जँगोचा अ‍ॅडमिन. जँगो म्हणजे पायथनमधलं वेब फ्रेमवर्क. २००३ मध्ये अमेरिकेत, कॅन्ससच्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकाच्या कचेरीत जन्मलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्रातली घाई ती, सकाळी मागितलेलं संध्याकाळी हवं. म्हणून प्रोग्रामरने एवढंच सांगायचं, की पुस्तकाला नाव असतं, लेखक असतो, किंमत असते. याद्या, भरायचे फॉर्म, 'खरंच काढून टाकू का?' असं विचारणारं पान, सगळं आपोआप मांडून मिळतं; हाच तो अ‍ॅडमिन. झकास कल्पना. मीही तिच्या जिवावर कित्येकदा वेळेत घरी गेलोय.

पण फुकट मिळालेलं तसंच पुढे सरकवायचं आणि बिल मात्र पूर्ण लावायचं, याला काय म्हणायचं? लेखकाचं नाव दिसायला कोडमध्ये दोन ओळी लागतात. दोन! वाचनालयाचं काम करून देणाऱ्या पोराने त्या लिहिल्या नाहीत, म्हणून बाईंनी वही भरली. अनेकवचन सांगितलं नाही, तर जँगो शब्दाच्या शेपटीला सरळ इंग्रजी एस चिकटवतो. इथे पुस्तकालाही एस, सभासदालाही एस. सभासदाचं अनेकवचन सभासदच, हे कॅन्ससला कुठून ठाऊक असणार? ते सांगायला त्यांनी एका ओळीची सोय ठेवलीय; ती भरायची कुणी? सभासद निवडायला गेलं की अख्खी यादी एका दमात उतरते आणि पान लोंबकळत राहतं. टाइप करताच नाव सुचवायची सोय २०१७ च्या २.० आवृत्तीपासून आत नुसती पडून आहे.

बरं, जँगोवाल्यांनी काही लपवलेलं नाही. त्यांच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय, की टेबलं-रकाने झाकून कामाच्या ओघाने चालणारं काही हवं असेल, तर स्वतःची पानं लिहा. बाईंना देवघेव करायची असते. एक पुस्तक द्यायला त्या तीन फॉर्म फिरतात, आणि रांगेतले आजोबा घड्याळाकडे बघतात.

प्रोग्रामर मंडळी, पुढच्या वेळी काम सोपवताना त्या खुर्चीत तासभर बसा. आणि बाईंची वही मागून घ्या. एकशे सत्तेचाळीसपर्यंत तरी वाचा.