दैवी हात ओळखण्याची प्राथमिक मार्गदर्शिका (खर्डा आवृत्ती)

साहित्य: एक लढाई, एक काळोखी रात्र, एक ओढा आणि जुन्या कराराची मराठी प्रत. लढाई जामखेड तालुक्यात खर्ड्याला मिळेल. ११ मार्च १७९५ ची आहे, पण चालते.

नवशिके पहिल्याच दिवशी आभाळ फाटण्याची वाट बघत बसतात. बसू नका. मोशेपुढे समुद्र दुभंगला तो रात्रभर वाहिलेल्या पूर्वेच्या वाऱ्याने, असं ‘निर्गम’मध्ये सरळ लिहिलं आहे. अहाब राजाला कुणा शिपायाने सहज सोडलेला बाण लागला, तोही नेमका चिलखताच्या सांध्यात. अहश्वेरोश राजाला झोप येईना म्हणून त्याने दप्तर वाचायला लावलं, आणि तिथून एस्तेरच्या लोकांचं पारडं फिरलं. ‘एस्तेर’च्या अख्ख्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. रूथ सरवा वेचायला निघाली आणि बवाजाच्याच शेतात पोचली. तेव्हा कुणी ‘योगायोग’ म्हणालं तर भांडू नका. लिहिणाऱ्याची त्याला हरकत नव्हती.

आता प्रात्यक्षिक. दिवसभर मराठ्यांशी लढून हैदराबादच्या निजाम अलीची फौज मागे सरून झोपली आहे, बंदुका भरलेल्या तशाच जवळ. मराठ्यांची एक छोटी गस्ती टोळी घोड्यांसाठी पाणी शोधत ओढ्यापाशी येते. तिथे निजामाची मोगली तुकडी पहुडलेली. ती त्यांना ओळखते आणि बार काढते. जवळच निजामाकडच्या रेमों या फ्रेंच सरदाराचे पहारेकरी असतात, तेही झाडतात. मग सगळी रांग झोपेतून दचकून उठते आणि समोर कोण आहे हे न बघता गोळ्या सोडत सुटते. हे ग्रँट डफने नोंदवलं आहे. घाबरलेला निजाम निंबाळकरांच्या भुईकोटात शिरला, आणि उजाडल्यावर तोफा-सामान वाऱ्यावर पडलेलं मराठ्यांना सापडलं. तहानलेल्या घोड्यांनी केलेलं काम!

हाच प्रसंग शमरोनच्या वेढ्यात वाचा, ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात. अरामी सैन्याला रथांचा आवाज ऐकू येतो, मोठी फौज आली असं वाटून ते संध्याकाळी घोडे-तंबू टाकून पळतं, आणि छावणी मोकळी असल्याचं पहिल्यांदा कळतं ते चार कुष्ठरोग्यांना. फरक इतकाच की तिथला लेखक तो आवाज परमेश्वराने ऐकवला असं सांगतो.

इथे विद्यार्थी हमखास घसरतो. कारणांची यादी पुरी झाली की त्याला वाटतं, आता देवाला जागा कुठे उरली? यादी मनसोक्त करा: कलकत्त्याहून जॉन शोअरने निजामाला मदत नाकारली, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली शिंदे, होळकर, भोसले एकत्र लढले, रात्र काळी होती, ओढा जवळ होता. हिब्रू लेखक कारणांमधल्या फटीत देव शोधत नाही. वारा आणि परमेश्वर तो एकाच वाक्यात बसवतो, संकोच न करता. मला तरी ही पद्धत आपल्या ‘विज्ञान की देव’ वादांपेक्षा जास्त शहाणी वाटते.

एकच अट कडक आहे. विजय देवाच्या खाती जमा करायचा असेल, तर तोटाही त्याच खात्यावर टाकावा लागतो. यरुशलेमेवर चालून येणाऱ्या नबुखद्नेस्सराला यिर्मया परमेश्वराचा सेवक म्हणतो. एवढी हिंमत नसेल तर हा विषय घेऊ नका, दुसरा निवडा.

घेतलात, तर खर्ड्याची पुढची नोंदही करा. तहात दौलताबादसह मुलूख, तीन कोटी रुपये आणि निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क पुण्याच्या हवाली असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून वारले, एकविसाव्या वर्षी. पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, त्यात तहाची बरीचशी कमाई हातची गेली, आणि मशीरुल्मुल्क सुटून हैदराबादेत पुन्हा दिवाण झाला.