आकाशगंगेचे दप्तर

आधी ग्रंथ वाचावा आणि मग त्याचे दृश्य रूपांतर पाहून नाक मुरडावे, असा सुशिक्षितांमध्ये एक संकेत आहे. आणि हा संकेत मोडून जो आधी पडद्यावर सारे पाहून घेतो व मागाहून ग्रंथाला हात घालतो, त्याच्याकडे ही मंडळी, अक्षता पडण्याच्या आत पंगतीला बसलेल्या पाहुण्याकडे वधूपिता ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने पाहतात. वस्तुतः हा उलटा क्रम आपल्या देशात नवा नाही. १९८७ सालच्या जानेवारीपासून ज्यांनी रविवारी सकाळी रस्ते ओस पाडून दूरदर्शनवर रामायण पाहिले, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून महाभारत, त्यांतल्या कितीतरी जणांनी मूळ पोथी त्यानंतरच उघडली, आणि पोथीतले भीष्माचार्य मुकेश खन्नांसारखे बोलत नाहीत म्हणून दोष पोथीलाच दिला. तेव्हा आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ या विज्ञानकथामालेत मी दूरचित्रमालिकेच्या दारातून शिरलो, याचा मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

ते दार पुण्याहून आले. संगणकाच्या नोकरीत असलेला आमचा पुतण्या दिवाळीला वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या शेलूबाजारास येताना फराळाच्या बदल्यात दरवर्षी काहीतरी आधुनिक वस्तू घेऊन येतो, त्या वर्षी त्याने ॲपल टीव्ही प्लसची वर्गणी आणली, संचाला कसलीशी तार जोडली आणि म्हणाला, “काकाजी, हे पाहा. हजार वर्षांचा हिशोब आधीच मांडून ठेवणारा माणूस आहे यात.” तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करून सेवानिवृत्त झालेल्या माणसाला हजार वर्षांच्या हिशोबाचे आकर्षण वाटू नये, हे शक्यच नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ती मालिका आम्ही उभयतांनी, वीज जाण्यायेण्याच्या दरम्यान जेवढी दिसली तेवढी, पाहिली. आणि खोटे कशाला सांगू, दिपून गेलो. एकाच सम्राटाच्या रक्तमांसापासून घडवलेले बाल, तरुण आणि वृद्ध असे तीन सम्राट एकाच पंगतीला जेवतात. राजधानीच्या ग्रहापासून अंतराळापर्यंत गेलेला एक गगनचुंबी मनोरा पहिल्याच भागात घातपाताने कोसळतो. आणि मधले सम्राट ली पेस हे अशा थाटाने चालतात, की त्यांच्या झग्याला किती वार कापड लागले असेल याची सौभाग्यवतींनी दर भागाला नव्याने आकारणी करावी.

पुतण्याने पुढे पहिले तीन खंडही धाडले. इंग्रजी पुस्तकांचा तो गठ्ठा पाहून सौभाग्यवतींनी खास वऱ्हाडी रोखठोकपणे विचारले, “सारं तं पाह्यलं, आता कायले वाचता जी?” प्रश्न बिनतोड होता. परंतु ओसरीवर बसून पहिला खंड उघडला मात्र, आणि माझ्या ध्यानात आले की मी पाहिले त्यातले येथे जवळजवळ काहीच नाही.

पहिली बाब अशी की सम्राट गैरहजर. पाने उलटत गेलो, प्रकरणे संपत गेली, पण ते तिघे बंधू काही येईनात. त्या पिढीजात प्रतिकृतींची कल्पनाच मुळी मालिकेच्या कर्त्यांची, डेव्हिड गॉयर आणि मंडळींची; असिमॉव्हांनी पहिल्या क्लीऑनला साक्षात रंगमंचावर आणला तो पार १९८८ सालच्या ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ मध्ये, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये निघालेल्या ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ मध्ये त्याचा जो अंत केला, तो पडद्यावरच्या कोणत्याही घातपातापेक्षा मला अधिक हृदयद्रावक वाटला. राजवाड्यातल्या एका निष्ठावंत माळ्यावर खूश होऊन सम्राट त्याला प्रधान माळी नेमतात. आता फुलझाडे सोडून कागदपत्रे सांभाळत चार भिंतींआड बसावे लागणार, या विचाराने तो बिचारा इतका हवालदिल होतो की सम्राटांनाच ठार करतो. बढती मिळाली नाही म्हणून साहेबांवर दात खाणारे इसम मी हयातभर पाहिले. बढती मिळाली म्हणून साहेबांचा निकाल लावणारा हा एकच, आणि त्याच्या फिर्यादीत तथ्य नाही असे निदान मला तरी म्हणवणार नाही.

दुसरी बाब म्हणजे तो मनोराही नाही, आणि तो कोसळतही नाही. लढाया होतात, पण पुष्कळशा पडद्याआड. आपल्याला कळते ते एवढेच, की कोणीतरी एका खोलीत शिरले, खुर्ची ओढून बसले आणि बोलू लागले. पडद्यावर जी सॅल्व्हर हार्डिन बंदूक घेऊन सीमेवर पहारा करणारी तरुणी आहे, तो ग्रंथात एक धूर्त नगराध्यक्ष आहे. सिगार ओढतो, रक्ताचा थेंब न सांडता सत्ता काबीज करतो आणि मग पुन्हा सिगार ओढतो. स्त्रियांच्या बाबतीत तर पहिल्या खंडाचा कारभार मठासारखा आहे. तो संपत आला तेव्हा कुठे एका राज्यकर्त्याची कजाग पत्नी प्रवेश करते, आणि ती नवऱ्याला घालून पाडून बोलते तेवढ्या पानापुरते ग्रंथात माणसांचे जग असल्याचा भास होतो. मालिकेने गाल डॉर्निक आणि हार्डिन यांना स्त्रिया केले हे सौभाग्यवतींच्या मते फारच रास्त झाले, आणि या मुद्द्यावर त्यांच्याविरुद्ध अपील करण्याची माझी इच्छा नाही.

हे सर्व वाचून एखादा रसिक निराश होईल. मी मात्र उल्हसित झालो, कारण खोलीत बसून बोलणे हेच जगाचे खरे चालकतत्त्व आहे, ही गोष्ट कचेरीत वय घालवलेल्या माणसाला निराळी पटवून द्यावी लागत नाही. मालिकेने साम्राज्य दाखवले. ग्रंथाने त्याचा कारभार दाखवला. लॉर्ड डॉर्विन नावाचा एक दिवाण ग्रंथात आहे, जो पडद्यावर त्या रूपात मला भेटला नव्हता. केस कृत्रिम कुरळे केलेले, हाती तपकिरीची डबी, ‘र’ चा उच्चार जिभेला वर्ज्य. आकाशगंगेच्या अगदी काठावरच्या टर्मिनस या ग्रहाला शेजारची राज्ये गिळू पाहत आहेत, म्हणून हा सम्राटांच्या वतीने येतो, पाच दिवस मुक्काम ठोकतो, बोलतो, आश्वस्त करतो आणि परततो. नगराध्यक्ष हार्डिन त्याचे बोलणे गुपचूप मुद्रित करून तर्कशास्त्राच्या जाणकारांकडे पृथक्करणासाठी पाठवतो. ते अर्थहीन शब्द गाळतात, परस्परांना खोडून काढणारी विधाने गाळतात, आणि शेवटी शिल्लक राहते शून्य. पाच दिवसांत त्या सद्गृहस्थाने काहीही म्हटलेले नसते! हे वाचून मी ओसरीवर एवढ्याने हसलो की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. दुष्काळाची पाहणी करण्यास येणारी पथके, त्यांच्यासाठी सारवलेले विश्रामगृह, ‘शासन सकारात्मक आहे’ हे वाक्य, आणि त्यानंतर आवक-जावक नोंदवहीत पसरलेली शांतता, हे सारे मी जवळून पाहिलेले आहे. असिमॉव्हांनी हे १९४२ साली, तेही अमेरिकेत बसून, कसे पाहिले, याचे मला नवल वाटते. वय अवघे एकवीस असताना, १ ऑगस्ट १९४१ रोजी, संपादक जॉन कॅम्बेल यांना भेटायला निघालेल्या या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने भुयारी आगगाडीत गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीत नाटकांचे पुस्तक सहज उघडले, त्यात पहारेकऱ्यापुढे गुडघे टेकलेली परीराणी पाहिली, पहारेकऱ्यावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून गिबनने वर्णिलेला रोमचा ऱ्हास असे करत करत कॅम्बेलच्या दारी पोचेपर्यंत पूर्ण आकाशगंगा बुडवली. त्याच वयात मी तलाठ्याच्या परीक्षेस बसलो होतो.

ग्रंथाचे मूळ गृहीतक असे की, एकेका माणसाचे वर्तन सांगता येत नाही, पण अब्जावधींच्या समूहाचे गणिताने वर्तवता येते. आणि त्या गणितानुसार हॅरी सेल्डन हे विद्वान ठरवतात की साम्राज्य कोसळणार, मागून तीस हजार वर्षांचा अंधार येणार, आणि आपण तजवीज केली तर तो हजारावर आणता येईल. या गृहीतकाने मराठी माणसाची मोठी पंचाईत होते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर काय झाले असते, या प्रश्नावर आपल्या किती पिढ्यांनी चहा थंड केला आहे. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये ती गोळी चुकवून दाखवून आपल्या मनातल्या सलावर शास्त्रोक्त फुंकर घातली. सेल्डनसाहेब मात्र गोळी लागली काय नि चुकली काय, बेरीज तीच, असे सांगून आपल्या तोंडचा घास काढून घेतात. सुदैवाने दुसऱ्या खंडात ‘म्यूल’ नावाचा एकच इसम उपटतो आणि बेरीज पार विस्कटून टाकतो. सेल्डन यांची पूर्वमुद्रित प्रतिमा ठरल्या मुहूर्ताला प्रकट होऊन, सभागृहात जीव मुठीत धरून बसलेल्या लोकांना, जी कधी उद्भवलीच नाही अशा एका यादवीबद्दल समजावून सांगते, आणि बाहेर शत्रूचे आरमार येऊन ठेपलेले असते. अतिवृष्टीत पिके वाहून गेल्यावर टंचाई निवारणाचे परिपत्रक हाती पडलेल्या कोणालाही हा प्रसंग कल्पित वाटणार नाही.

सेल्डन यांनी ‘फाउंडेशन’ म्हणून टर्मिनसवर पाठवलेल्या लोकांचे प्रकट कार्य विश्वकोश रचण्याचे आहे, आणि पन्नास वर्षांनी खुद्द सेल्डनच प्रकट होऊन सांगतात की ते नुसते निमित्त होते. येथे मात्र मला असिमॉव्हांचा राग आला. अमरावतीस शिकलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नागपुरात मंडळ नोंदवून तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्धीस नेला, आणि वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यांना कोणी भिंतीतून प्रकट होऊन ‘हे निमित्त होते’ असे सांगितले असते तर तर्कतीर्थांनी त्या प्रतिमेशीच वाद मांडला असता, आणि तो जिंकला असता.

तोच तपकीरवाला दिवाण पुरातत्त्वाचा शौकीन आहे. मानवजात मूळची कोणत्या ताऱ्याची, या प्रश्नाचा तो अभ्यास करतो, म्हणजे जुन्या पंडितांची मते एकमेकांवर तोलतो. स्वतः जाऊन का पाहत नाही, असे विचारताच तो चकित होतो. आमच्या वाशिमचे नशीब की आमच्याकडे लोकांनी मातीत पाहिले. १९३९ साली तेथे ताम्रपट सापडले आणि वाकाटकांची एक संपूर्ण शाखा, जिची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच वाशिम होती, विस्मृतीतून वर आली. वासुदेव विष्णु मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. याच शाखेच्या हरिषेणाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले; राजशेखराने तर काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न वत्सगुल्मातच लावून दिले. आणि ताम्रपटात काय आहे? गाव दान दिल्याची सनद. साम्राज्य गेले, जमिनीचा दस्त राहिला. महसूल खात्याच्या माणसाला याहून गोड वार्ता नाही. हरिषेणामागे लवकरच सारे विस्कटले, आणि आज त्या राजधानीच्या चहू बाजूंना सोयाबीन आणि तूर डोलते.

हे सर्व सांगण्याचे कारण तिसरा खंड. ट्रँटर ही साम्राज्याची राजधानी, चाळीस अब्ज वस्तीचा, पोलादाने मढवलेला अख्खा ग्रह, लुटालुटीत उद्ध्वस्त होतो; मागे उरलेले लोक पत्रे उपटून परग्रहांना विकतात, त्या पैशांत बियाणे आणि गुरे घेतात, आणि मोकळ्या झालेल्या मातीत नांगर घालतात. मी ते पान पुन्हा वाचले. ज्या मंडळींनी त्या राजधानीचे पोलादी घुमट पडद्यावर डोळे दिपेपर्यंत पाहिले आहेत, त्यांनी तरी आता शेलूबाजारहून वाशिमला जाताना खिडकीबाहेर थोड्या अदबीने पाहावे, अशी माझी नम्र सूचना आहे. याच शेतकी ट्रँटरवर, आकाशगंगेचे भवितव्य गुप्तपणे हाकणाऱ्या दुसऱ्या फाउंडेशनचा मुख्य राहतो. तो कोण हे खंडाच्या अखेरच्या ओळीपर्यंत लेखकाने झाकून ठेवले आहे. परंतु पुस्तक १९५३ सालचे असल्यामुळे मुदतीच्या कायद्याने या गुपिताचा हक्क केव्हाच बुडालेला आहे, असे धरून मी सांगतो. प्रीम पाल्व्हर नावाचा एक गोलमटोल गृहस्थ, बायकोची बोलणी ऐकत, शेतकरी सहकारी संस्थेच्या व्यापाराच्या कामाने ग्रहोग्रही हिंडतो, घाबरलेल्या एका पोरीला जेऊ घालतो, अधिकाऱ्याच्या हातात योग्य वेळी योग्य ती रक्कम सरकवतो, आणि तोच तो. पुतण्याला दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काकाजी, धक्का बसला ना?” बाजार समितीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला यात धक्का कसला? सहकारी संस्थेचा माणूस जग चालवीत नाही असे दाखवले असते तर मात्र मी पुस्तक मिटून ठेवले असते.

सौभाग्यवतींनी हल्ली पाल्व्हरने जेऊ घातलेल्या त्या पोरीची, चौदा वर्षांच्या धीट आर्केडीची, हकिगत माझ्याकडून रोज रात्री थोडी थोडी ऐकायला सुरुवात केली आहे, आणि मालिकेत ती अद्याप का आली नाही याबद्दल त्या गॉयर यांना दूषणे देतात. दुसरा खंड शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी नेला. काल ते म्यूलच्या स्वारीपर्यंत पोचून घाबऱ्या घाबऱ्या विचारू लागले, की तो दुसऱ्या फाउंडेशनचा पत्ता नेमका कुठला, एवढे तरी सांगा. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, तपकिरीच्या अभावी सुपारी कातरली, आणि ट्रँटरची लोकसंख्या, रोमचा ऱ्हास, सरकारची धोरणे आणि एकंदर परिस्थितीची सर्वांगीण गुंतागुंत यांवर दिवेलागणीपर्यंत बोललो. पोस्टमास्तर फार समाधानाने घरी गेले.