स्टँड वेगळा!

एडिसन, न्यू जर्सी
2 नोव्हेंबर 2025

ती. आप्पांस,


दिवाळीच्या ओवाळणीचे डॉलर मोजून आदूनं घरात निवडणूक लावली आहे. उमेदवार दोन: साधा प्लेस्टेशन 5 आणि प्लेस्टेशन 5 प्रो. आदू आणि हे प्रोच्या बाजूनं, मी एकटी विरोधात. हे म्हणतात, "मुलासाठी गं!" मुलगा नऊला झोपतो. त्यानंतर ते बटणांचं खेळणं कुणाच्या हातात असणार, हे मला कुणी सांगायला नको.

भाव ऐका. डिस्क घालायची खाच असलेला साधा 549.99 डॉलर, खाच नसलेला 499.99. प्रो 749.99. गेल्या नोव्हेंबरात तो 699.99 ला आला होता, या ऑगस्टमध्ये पन्नास वाढले. वर इथला 6.625 टक्के विक्रीकर. म्हणजे आठशेच धरा.

एवढे मोजूनही प्रोला डिस्कची खाच नाही! ती वेगळी घ्यायची, 79.99. उभा ठेवायचा तर स्टँड वेगळा, 29.99. फर्दापूरला तुमच्या दुकानात गिऱ्हाईक अॅमेथिस्टचा भाव ठरवून पाकीट काढतं, तेव्हा तुम्ही हळूच म्हणता ना, "स्टँड वेगळा हं, ताई"? तुमची विद्या पार जपानला, प्लेस्टेशनच्या कंपनीपर्यंत पोचली आहे, आप्पा. दुकानात मी सवयीनं विचारलं, "शेवटचा भाव सांगा." काउंटरवरच्या पोरानं पाटीवरचाच आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.

मग जास्तीचं मिळतं काय? साठवण 2 टेराबाइट, साध्यात 1. चित्र काढायचा वेग कंपनीच्या हिशेबानं 45 टक्के जास्त. आणि रे ट्रेसिंग. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत गाईड बॅटरी एका बाजूनं दुसरीकडे नेतो आणि बुद्धाच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो. तसा उजेड कुठून येतो, कशावर पडतो, याचा हिशेब खेळ चालू असतानाच करायचा. तो साध्यातही आहे, प्रोमध्ये जास्त जोरात. खोटं कशाला बोलू, दुकानात ते फार देखणं दिसत होतं. ओल्या रस्त्यात पडलेले दिवे बघत मीही उभी राहिले.

पण दुकानातला टीव्ही 4के होता. आमचा फुल एचडी, शेजाऱ्यांनी घर बदलताना दिलेला. त्यावर प्रोचं बरंचसं कौतुक वायाच जाणार. हे म्हणाले, "मग टीव्हीही बघू की." तिथंच मी मतदान बंद केलं.

खाचवाला साधा घेतोय. बिनखाचेच्यापेक्षा पन्नास जास्त, पण ते एकदोन खेळांत वसूल. नवा खेळ सत्तर डॉलरच्या आसपास पडतो. डिस्क असली की जुना स्वस्तात मिळतो, खेळून झाला की विकता येतो, मित्राला देता येतो. डाउनलोड केलेला ना विकता येतो, ना उसना देता येतो.

दादाच्या पिंट्यानं "आत्या, येताना प्रो आण" असा निरोप धाडलाय. गेल्या वर्षी प्रो आला तेव्हा कंपनीनं तो भारतात आणलाच नाही. त्यातल्या नव्या वायफायला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा तिथं खुला नव्हता. इथून आणलेला बिघडला तर दाखवायचा कुणाला, सिल्लोडला? त्याला सांगा, साधाच घे, तिथंच घे, बिल घेऊन घे. आणि त्याआधी घरातला टीव्ही 4के आहे का, तेवढं बघ.

आईला नमस्कार.

तुमची,
मंगल